अडीच आणि तीनच्या मध्ये

हीटरच्या चकतीवर एक ते सहा आकडे आहेत.
कशाचे, ते कंपनीलाच ठाऊक.
तीनवर ठेवला की एल्स्पेथ पांघरूण लाथाडते,
अडीचवर ठेवला की माझ्या पोटऱ्यांत पाय खुपसते.
आणि ते पाय म्हणजे, काय सांगू,
बर्फाच्या पेटीतून नुकतेच काढलेले दोन कॉड मासे.

जुलै. डनिडन. टेकडीवरचं लाकडी घर.
ज्यांनी बांधलं त्यांना बहुधा वाटत असावं
की थंडी सोसणं हा चारित्र्याचा भाग आहे.
काचांना आतून घाम. पडद्याच्या कडेला काळी बुरशी,
दर रविवारी पुसायची, दर गुरुवारी परत.

चाळीस वर्षं मी मटणाची शीतगृहं सांभाळली.
उणे अठरा.
अर्धा अंश इकडचा तिकडे झाला
तर मध्यरात्री फोन वाजायचा, मी सायकल काढायचो.
हजारो मेंढ्या माझ्या भरवशावर निवांत गोठून होत्या.
आणि आता दोन म्हाताऱ्यांची एक खोली
माझ्याच्यानं अठरावर राहत नाही!

म्हणून हीटर उताणा केला. प्लग काढून, अर्थात.
आत नखाएवढी पट्टी: दोन धातू पाठीला पाठ चिकटवलेले,
ऊब लागली की एक जास्त ताणतो, एक कमी,
आणि वाकावं लागतं दोघांनाही.
"लग्न," मी म्हणालो.
"स्क्रू मोज," ती म्हणाली.

पट्टीचा दोष नव्हता. ती बसली होती
हीटरच्याच पोटाशी, तापल्या तेलाच्या शेजारी.
स्वतः शेकून घ्यायची
आणि टक्, जाहीर करायची की खोली उबदार आहे.
एल्स्पेथ ऐकत होती.
"ओळखीचं वाटतंय कुणीतरी," एवढंच बोलली
आणि किटली ठेवायला गेली.

शेजारच्या विलियामीनं एक प्लग आणून दिला,
भिंत आणि हीटर यांच्या मधोमध बसणारा.
त्यातून निघालेली दीड मीटर वायर,
टोकाला वाटाण्याएवढं संवेदक.
(अँपिअरचा आकडा मी तीनदा वाचला. सवय.)
हीटरची चकती सहावर नेऊन ठेवली:
आता तुझं मत नको, तू फक्त ताप.

राहिला प्रश्न, वाटाणा टांगायचा कुठे.
खोलीला तापमान नसतं,
खोलीत तापमानं असतात.
चार थर्मामीटर लावले, भरती-ओहोटीच्या जुन्या वहीत
तीन रात्री आकडे लिहिले.
छताशी बावीस. दाराशी सतरा.
माझ्या उशीशी सोळा.
तिच्या उशीशी अकरा.

अकरा.
मी थर्मामीटर बदलून पाहिला.
अकराच.

चव्वेचाळीस वर्षं ती खिडकीकडे झोपते.
मला पहाटेची पाळी असायची,
दाराकडची बाजू म्हणून माझी.
पाळी संपून नऊ वर्षं झाली.
पलंगाला कुणी कळवलंच नाही.

मी म्हणालो, बाजू बदलू या. आजच.
ती म्हणाली, "नको रे.
इथून बंदराचे दिवे दिसतात."
मी कधी त्या बाजूनं पाहिलं नव्हतं. उठून पाहिलं.
दिसतात. सात. एक लुकलुकतो.

वाटाणा तिच्या उशाशी टांगलाय,
लोकरीच्या धाग्यानं, खिळ्याला.
फरक आधी पाव अंशाचा ठेवला, तर रात्रभर टक्-टक्,
दोनाचा ठेवला तर पुन्हा मासे.
सध्या पाऊण.

तिच्या उशीशी अठरा म्हणजे
माझ्याकडे चोवीस, हे मी वहीत लिहिलेलं नाही.
दोन वाजून चाळीस मिनिटं. टक्.
तेल कुरकुरत तापू लागतं.
मी एक पाय पांघरुणाबाहेर काढतो,
मग दुसरा,
आणि तिच्या खांद्यावरून
तो लुकलुकणारा दिवा मोजत राहतो.